डॉली धरणारा

ट्रेलरचं दार पहिल्यांदा उघडलं तेव्हा आतून उंदरांच्या मुताचा वास आला, आणि मला एकदम चिकलठाणा आठवलं. तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत, नव्या बॉडीची वाट बघत उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांना असाच वास असायचा. बाबा तिथे बॉडी सेक्शनला होते. सुट्टीच्या दिवशी मी डबा पोचवायला जायचो आणि कधी कधी ते मला आत घेऊन जायचे. सीट काढलेली, पत्रे काढलेली, नुसती सांगाड्याची गाडी मी तिथे पहिल्यांदा पाहिली.

हा ट्रेलर म्हणजे मोटारीच्या मागे जोडून न्यायचं घर. 1969 सालचा, 23 फुटी, एअरस्ट्रीम कंपनीचा. सगळा ॲल्युमिनियमचा, दोन्ही टोकांना गोलाई, अंगावर रिबिटांच्या सरळ ओळी. ओहायोतल्या जॅक्सन सेंटर गावात कंपनीचा कारखाना 1952 पासून आहे, आणि ते गाव माझ्या घरापासून तासाभरावर. 1969 च्या जुलैत चंद्रावरून परतलेल्या तिघांना संसर्गाच्या भीतीने ज्या बंद खोलीत ठेवलं होतं, तीही याच कंपनीच्या ट्रेलरमध्ये फेरफार करून बनवलेली. माझ्या ट्रेलरच्या वाट्याला असं काही आलं नाही. एका शेतकऱ्याच्या कोठारात मक्याच्या यंत्रांशेजारी तो वीसेक वर्षं उभा होता. साडेपाच हजार डॉलर देऊन मी तो घरी आणला. पण त्याच्या आधीचं थोडं सांगायला हवं.

बाबा 2019 मध्ये गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजींनी परित्राण पाठ घेतला, माणसं जेवली आणि पांगली. रात्री माझी मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची, अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, "पप्पा, आजोबा आता कुठे आहेत?"

आमच्या घरात या प्रश्नाला तयार उत्तर नाही. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर माझ्या आजोबांनी देव्हारा उतरवला तो उतरवलाच. त्या दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. त्यामुळे कावळा शिवायची वाट आम्ही बघत नाही. आजोबा देवाघरी गेले, तारा झाले, असं मी म्हणणार नव्हतो, बाबांनाही ते आवडलं नसतं. पण "कुठेच नाहीत" असं त्या लेकराला सांगवेना. मी म्हणालो, "झोप आता." तिला ते पुरलं नाही हे मला अंधारातही कळलं, आणि पुढची पाच वर्षं ते मला टोचत राहिलं.

ट्रेलर खोलायला सुरुवात केली ती मागच्या वर्षी एप्रिलमध्ये. आधी सामान निघालं: सोफा, शेगडी, गंजलेला हीटर, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या. मग आतले पत्रे. आतलं एकेक रिबिट ड्रिलने उडवावं लागतं. सातआठशेनंतर मी मोजणं सोडलं. पत्र्यामागचा फायबरग्लासचा कापूस उंदरांच्या घरट्यांनी भरलेला होता. तो मास्क लावून पोत्यांत भरला. एक पत्रा खाली घेतला, उलटा केला, आणि तिथे पेन्सिलने लिहिलेले आकडे दिसले. इंचांची मापं, एक बाण, एक खोडलेला आकडा आणि त्याच्या शेजारी दुरुस्त केलेला. कोणी तरी 1969 मध्ये मोजताना चुकलं होतं आणि लगेच सावरलं होतं. हे अक्षर पत्र्याच्या आतल्या अंगाला होतं, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडेल असं लिहिणाऱ्याला वाटण्याचं कारणच नव्हतं. मी बराच वेळ तो पत्रा मांडीवर घेऊन बसलो. बाबांच्या कानामागे सुताराची चपटी पेन्सिल कायम असायची. त्यांनी आकडे घातलेले पत्रे त्या काळी महाराष्ट्रभर फिरत होते, आणि आत बसलेल्या एकाही प्रवाशाला ते आकडे दिसत नव्हते.

मागच्या बाजूची जमीन कुजलेली होती. सांधे उघडे पडून वर्षानुवर्षं पाणी झिरपलं होतं. प्लायवूड भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं हाताने निघत होतं. नवी जमीन घालायची तर वरचं कवच उचलणं भाग होतं. लाकडाच्या दोन घोड्या उभ्या केल्या, चेन-पुली लावली, कवच जिथे जमिनीला जखडलेलं असतं तिथले बोल्ट कापले, आणि चार जणांनी मिळून ते वीतवीत वर घेतलं. दुपारपर्यंत कवच हवेत लटकत होतं आणि खालून चासी ओढून बाहेर काढलेली होती. मधे मोकळं अंगण.

मुलगी शाळेतून आली. दोन्हींकडे बघून म्हणाली, "मग यातला ट्रेलर कुठला?"

तिचा हा प्रश्न मला जुन्या ओळखीचा वाटला. मी तेव्हाच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात शिकलो. बाबासाहेबांनी 1950 मध्ये सुरू केलेलं हे कॉलेज. त्याच्या परिसराचं नाव नागसेनवन. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर म्हणजे आपला मिलिंद, आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरं देणारा भिक्खू नागसेन. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला आणि उत्तर देणाऱ्याचं नाव त्याच्या भोवतालच्या झाडांना, ही बाबासाहेबांची योजना मला आजही फार मोठी वाटते. पण विद्यार्थी असताना मी या दोघांच्या संवादाचा 'मिलिंदपञ्ह' हा ग्रंथ उघडलाही नव्हता. वाचला तो इथे आल्यावर, चाळिशीत.

त्यातला रथाचा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असेल. नागसेन सांगतो की 'नागसेन' हे नुसतं बोलवायचं नाव आहे, त्या नावामागे आत कोणी वेगळा बसलेला नाही. राजाला हे पटत नाही. तेव्हा नागसेन त्याला विचारतो, महाराज, आपण पायी आलात की रथातून? रथातून. मग रथ दाखवा. आस म्हणजे रथ का? चाकं? जू? लगाम? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळं मिळून? तेही नाही. सगळं सोडून निराळं काही? तेही नाही. शेवटी राजाच कबूल करतो की या सगळ्यांच्या आधाराने 'रथ' हा शब्द चालतो, एवढंच. नागसेन म्हणतो, माझंही तसंच.

भारतीय विचारात रथ आणखी एक आहे, कठोपनिषदातला. तिथे शरीर हा रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे, आणि आत्मा हा आत बसलेला रथाचा मालक. एकच वाहन. एका परंपरेने त्यात मालक बसवला. दुसरीने ते अंगणात उकलून ठेवलं आणि मालक दाखवा म्हटलं. आपल्याकडचा आत्म्याचा सगळा वाद या दोन रथांमधला आहे, असं मी मानतो. आणि मी दुसऱ्या रथाच्या बाजूचा आहे, जन्माने आणि विचारानेही.

मुलीला मी म्हणालो, "यातला कुठलाच नाही. आणि पुन्हा जोडला की आहे." ती म्हणाली, "मग तोच असेल का?" चिकलठाण्यात या प्रश्नाचा रोज निकाल लागायचा. बॉडी जुनी झाली की उतरवायची आणि त्याच चासीवर नवी चढवायची. चासीचा नंबर तोच, म्हणून कागदावर गाडी तीच. बाबांना मी एकदा विचारलं होतं, सगळंच बदललं तर गाडी तीच कशी? ते म्हणाले, "रस्त्याला लागली की तीच. डेपोत उभी असली की नुसता पत्रा." हे उत्तर नागसेनाच्या उत्तराहून वेगळं आहे, आणि मला ते थोडं पुढचं वाटतं. नागसेन सांगतो की नाव भागांच्या आधाराने चालतं. बाबा म्हणत होते की ते कामाच्या आधाराने चालतं.

या उन्हाळ्यात आप्पा आले. आप्पा माळशिरस तालुक्यातले, निवृत्त शिक्षक, वय बहात्तर, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. गळ्यात तुळशीची माळ. यंदा पंढरीची वारी चुकली म्हणून आषाढी एकादशीला त्यांनी पहाटेपासून आमच्या वस्तीला फेऱ्या घातल्या. मी जय भीम म्हणतो, ते राम कृष्ण हरी म्हणतात, आणि दोघंही ते मनापासून घेतो. घरी बसून कंटाळलेल्या आप्पांनी मदत करू का विचारलं. मला माणूस हवाच होता, कारण बाहेरच्या पत्र्याचं रिबिट एकट्याने बसत नाही.

ते कसं बसतं ते सांगतो. बाहेरून भोकात रिबिट घालायचं आणि हवेच्या गनने त्याच्या डोक्यावर टोले द्यायचे. त्याच वेळी आतून कोणीतरी पोलादी ठोकळा रिबिटाच्या शेपटीवर घट्ट धरायचा. त्या ठोकळ्याला चिकलठाण्यात डॉली म्हणत. टोला बसतो बाहेर, पण रिबिट फुलतं आत. दांड्याच्या दीडपट रुंद आणि जाडीच्या निम्मी उंच अशी टिकली झाली की जमलं. डॉली जरा तिरकी धरली की टिकली कलते, सांधा नीट आवळत नाही, आणि पाण्याला वाट मिळते. बाहेरच्याला आतलं काही दिसत नाही, आतल्याला बाहेरचं. गनच्या आवाजात बोलणंही ऐकू येत नाही. आम्ही खुणा ठरवल्या: आतून एक टकटक म्हणजे झालं, दोन म्हणजे अजून मारा, तीन म्हणजे बिघडलं, काढून टाका. बाबा हेल्पर म्हणून लागले तेव्हा पहिली सहा वर्षं त्यांनी फक्त डॉली धरली. उन्हात तापलेल्या गाडीत, कानात कापसाचे बोळे घालून. गन हातात मिळाली ती नंतर. घाई केली की ते मला एकच वाक्य ऐकवायचे: "पत्र्याला घाई कळती, लेकरा."

मागचा खालचा पत्रा बसवताना, गन थांबलेली असताना, आप्पा आतून म्हणाले, "माउली, तुम्ही म्हणता आत कोणी नाही. मग मी कोण?"

मला वाटलं ते सहज बोलत आहेत. पण आप्पा विचार करून बोलत होते. "बाहेरून बघणाऱ्याला नुसती रिबिटांची ओळ दिसणार. आतून धरणारा त्याला दिसत नाही. पण मी हात काढला तर एक रिबिट बसेल का? आत्मा असाच आहे. दिसत नाही म्हणून नाही, असं कसं म्हणायचं?"

हा युक्तिवाद मी कुठल्याही ग्रंथात वाचला नव्हता. दोन दिवस मी त्याच्यावर विचार करत होतो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, "आप्पा, काम झालं की तुम्ही बाहेर येता. भिंत तशीच उभी राहते. तिला तुम्ही आत असण्याची गरज उरत नाही." आप्पा म्हणाले, "पण मी असतोच ना. बाहेर. चहा पीत." या उत्तरातही जोर होता, आणि तो मी नाकारत नाही.

मग मी त्यांना माझ्या आजोबांचं सांगितलं. गावात मेलेली ढोरं ओढायचं काम त्यांच्या वाट्याला होतं. त्याबद्दल तक्रार केली की गावातली शहाणी म्हणवणारी माणसं समजावून सांगायची, मागच्या जन्मीचं आहे, या जन्मी नीट वाग, पुढच्या जन्मी सुटशील. ती माणसं रागाने बोलत नसत, मायेने बोलत. अडचण तीच होती. आजोबा ज्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होते तो कोणी पाहिला नव्हता, आणि तो त्यांनीच केला याचा पुरावा म्हणजे त्यांच्या आत बसलेला, जन्मोजन्मीची खतावणी सांभाळणारा आत्मा. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हे स्पष्ट मांडलेलं आहे: पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत समाजाला गोरगरिबांच्या हलाखीच्या जबाबदारीतून मोकळं करतो. त्यांनी ग्रंथाच्या प्रस्तावनेतच प्रश्न घातला होता की बुद्ध आत्मा नाकारतात तर पुनर्जन्म कोणाचा? पुढे उत्तर दिलं, ते असं की देहातली पृथ्वी, आप, तेज, वायू ही द्रव्यं आपल्यासारख्या द्रव्यांत जाऊन मिळतात. पुन्हा जुळतात ती ही द्रव्यं. कोणी जुना भाडेकरू नव्या घरात राहायला जात नाही. आमच्यासाठी अनात्म हा तत्त्वज्ञानाच्या तासाचा विषय नव्हता. आजोबांच्या मानेवरचं ते खातं त्या एका विचाराने बंद झालं.

आप्पा बराच वेळ डॉली हातात धरून बसून होते. मग म्हणाले, "ते पाप आमचं आहे, माउली. आत्म्यावर कशाला घालता?"

या वाक्यासाठी आप्पांबद्दलचा माझा आदर दुप्पट झाला. तरी मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या कल्पनेचा इतका सहज आणि इतकी शतकं असा उपयोग होऊ शकला, तिच्या घडणीतच काहीतरी होतं. पण हे मी त्यांना आणखी ताणून सांगितलं नाही. गन सुरू केली. त्यांनी डॉली धरली. त्या दिवशी एकही रिबिट तीन टकटकींचं निघालं नाही.

आजोबा आता कुठे आहेत, हा मुलीचा प्रश्न मात्र उरलाच होता. त्याचं उत्तर मला 'मिलिंदपञ्हा'तच, रथाइतकं प्रसिद्ध नसलेल्या एका ठिकाणी सापडलं. राजा विचारतो, काही एकातून निघून दुसऱ्यात जात नसेल तर पुढचा जन्म कसा? नागसेन आधी दिव्यावर दिवा लावण्याचा दाखला देतो. मग विचारतो, महाराज, लहानपणी आपण गुरूंकडून एखादा श्लोक शिकलात का? शिकलो. तो श्लोक गुरूंमधून निघून आपल्यात आला का? नाही. मग शिकलात कसे?

श्लोक गुरूकडे राहिला आणि शिष्याकडेही आला. गुरूचं काही कमी झालं नाही, कोणी इकडून तिकडे गेलं नाही. मी डॉली धरायला शिकलो ते बाबांच्या हाताखाली, बारावीच्या सुट्टीत, ओळखीच्या एका गॅरेजमध्ये. मनगट ढिलं, खांदा घट्ट, ठोकळा पत्र्याला काटकोनात. यंदा हेच मी आप्पांना शिकवलं, आणि शिकवताना "मनगट ढिलं सोडा" हे मी बाबांच्याच सुरात म्हणालो. तो सूर मी आणायला गेलो नव्हतो. बाबा माझ्यात राहतात असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही आणि त्यांच्या धम्माला धरूनही नाही. पण त्यांच्या हाताने जे केलं त्याचा परिणाम माझ्या मनगटापर्यंत येऊन थांबलेला नाही, हे मी स्वतः पाहिलं. कम्म या शब्दाचा मला आज समजणारा अर्थ एवढाच आहे.

दुःखाचं काय, असं आप्पांनी नंतर एकदा विचारलं. आत कोणी नाही तर रडतं कोण? त्याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. रडणं होतं, एवढं मी सांगू शकतो. उलटा केलेला तो पत्रा मांडीवर होता तेव्हा ते झालं होतं.

मुलीला मी हे सगळं या उन्हाळ्यात सांगितलं. ती आता पंधरा वर्षांची आहे. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तेव्हाच सांगायचं होतं. मला कळलं असतं." बहुतेक कळलं असतं. पण तेव्हा ते मलाच माहीत नव्हतं.

आता पाऊण इंची प्लायवूडची नवी जमीन बसली आहे. ॲक्सल नवा आहे, जुन्याच्या आतलं रबर दगडासारखं कडक झालं होतं. चासीचा मागचा तिसरा हिस्सा कापून नवा जोडला. आतला कापूस नवा, वायरिंग नवं, ओटा आणि कपाटं मी बर्चच्या प्लायमध्ये बनवतो आहे. बाहेरचा पत्रा दोन तुकडे सोडून जुनाच आहे, दार जुनं आहे, खिडक्या जुन्या आहेत. पेन्सिलच्या आकड्यांचा पत्रा होता त्याच जागी, होता त्याच बाजूने लावला. ते आकडे पुन्हा भिंतीच्या आत गेले. शेजारी मुलीने तिची मापं लिहिली आहेत, एक खोडून.

गेल्या रविवारी पाण्याची परीक्षा घेतली. मी छतावर नळी धरून तासभर उभा होतो आणि आप्पा आत बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा बघत होते. मागच्या डाव्या खिडकीच्या खाली, नव्या पत्र्याच्या सांध्यात, दोन रिबिटांपाशी पाणी आलं. ती दोन काढून पुन्हा मारायची आहेत. आप्पा शुक्रवारी मुंबईच्या विमानात बसतील. शनिवारी डॉली मुलगी धरणार आहे.